बायोसिमिलर म्हणजे इंजेक्शनातलं जेनेरिक नव्हे

मी लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, त्यामुळे वाडीत कुणाचीही कॅन्सरच्या औषधाची चिठ्ठी आली की ती फिरत फिरत माझ्याकडे येतेच, आणि दर वेळी तोच प्रश्न, "दादा, हे बायोसिमिलर म्हणजे जेनेरिकच ना?" नाही हो. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधासारखंच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलं की ते बायोसिमिलर. आमच्या एका काकींना एचईआर2 पॉझिटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर, म्हणजे ज्यात एचईआर2 नावाचं प्रोटीन पेशींवर जास्त असतं तो, आणि त्यावरचं ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन चालू. अर्ध्यावर एका मेडिकलवाल्याने मुलाला सांगितलं की नेहमीचं नाही, दुसऱ्या कंपनीचं घेऊन जा, सेमच असतं. आणि त्याच रात्री मुंबईहून चुलत्यांचा फोन, ते डुप्लिकेट असतं, ओरिजिनल मिळेपर्यंत थांब. दोन्ही सल्ले चुकीचे, आणि दोन्ही एकाच घोळातून आलेले.

जेनेरिक तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. इमॅटिनिब घ्या, ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारावरची गोळी. छोटा रेणू, मॉलिक्युलर वेट साधारण 494, रिॲक्टरमध्ये रसायनं एकत्र करून बनतो. कुणीही बनवला तरी रेणू तोच, आमच्या लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पीक बरोबर जागेवर बसतो की नाही ते दिसतं. मूळ कंपनीची गोळी महिन्याला 1 लाख 20 हजाराच्या घरात होती आणि इथली जेनेरिक 8-10 हजारात, 2013 ला सुप्रीम कोर्टाने त्यावरचा पेटंटचा दावा फेटाळला तो खटला बऱ्याच जणांना आठवत असेल. एवढंच एक सांगतो कारण ते ऐकून डोकं उठतं: "जेनेरिकमध्ये 20 टक्के औषध कमी चालतं" हे खोटं आहे. हा समज ज्यातून निघतो तो 80 ते 125 टक्के हा आकडा रक्तात औषध किती पोचतं त्या तुलनेच्या स्टॅटिस्टिक्सचा आहे, गोळीत किती औषध भरलंय त्याचा नाही.

आता ट्रॅस्टुझुमॅब. ही अँटीबॉडी, म्हणजे प्रोटीन, मॉलिक्युलर वेट जवळपास 1 लाख 48 हजार, इमॅटिनिबच्या तीनशे पट. हे रिॲक्टरमध्ये रसायनं ओतून बनत नाही, जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी असतात, त्यात या प्रोटीनचं जीन घालायचं, टाकीत खाऊपिऊ घालून वाढवायचं, मग त्यांनी सोडलेलं प्रोटीन गाळून शुद्ध करायचं. पेशी ते प्रोटीन बनवताना त्यावर साखरेच्या साखळ्या चिकटवतात, आणि त्या नेमक्या कशा चिकटतील ते टाकीतलं तापमान, ऑक्सिजन, खाद्य सगळ्यावर ठरतं. ही साखर म्हणजे शोभेची गोष्ट नाही, तिच्यातला फ्युकोज नावाचा एक भाग कमी असला तर आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी त्या अँटीबॉडीला जास्त घट्ट पकडतात आणि कॅन्सरच्या पेशीवर जास्त जोरात तुटून पडतात.

लोक अडकतात ते इथेच, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. हापूसचं एक चांगलं झाड, त्याच्याच काड्या काढून एक कलम देवगडला लावलं, एक पावसला, एक कर्जतला. जात एकच, तरी फळात फरक पडतो ना? ते सोडा, तुमच्या बागेतल्या एकाच कलमाचं यंदाचं फळ आणि गेल्या वर्षीचं फळ तंतोतंत सारखं असतं का? नसतं, पण म्हणून कुणी म्हणत नाही की यंदाचा हापूस नकली आहे. आणि बायोसिमिलर बनवणाऱ्याला तर मूळ कंपनी काडीसुद्धा, म्हणजे तिच्या पेशी, देत नाही. त्याला मिळते फक्त बाजारातली पेटी, त्यातल्या फळाची साल, गर, बाठा सगळं तपासून तसंच फळ देणारं झाड त्याला स्वतः उभं करायचं असतं.

म्हणजे "तंतोतंत तेच" हे मूळ कंपनीलाही जमत नाही. हर्सेप्टिन हा ट्रॅस्टुझुमॅबचा मूळ ब्रँड, त्याचे वेगवेगळे लॉट तपासून 2017 मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा 2018-19 च्या सुमाराची एक्सपायरी असलेल्या काही लॉटमध्ये त्या साखरेचं प्रमाण बदललेलं आणि पेशी मारायची ताकद लॅबच्या टेस्टमध्ये कमी भरलेली दिसली. ओरिजिनल ओरिजिनल करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. बायोसिमिलरला विचारला जाणारा प्रश्न "तेच आहे का" हा नसतोच, तर "मूळ औषध स्वतः जेवढं हलतं, त्याच पट्ट्यात हे बसतं का, आणि जो फरक उरतो त्याने पेशंटला काही फरक पडतो का" हा असतो.

म्हणून जेनेरिकला रक्तातली पातळी जुळवून भागतं, याला भागत नाही. आधी रचना, मग पेशींवरच्या टेस्ट, शरीर या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार करतंय का ते, आणि शेवटी पेशंटवर तुलना. बायोकॉन आणि मायलन या कंपन्यांचं ट्रॅस्टुझुमॅब भारतात 2014 पासून आहे, त्याची मूळ औषधाशी तुलना 2017 ला प्रसिद्ध झाली: पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटमध्ये 24 आठवड्यांनी गाठी ठरलेल्या प्रमाणात कमी झालेले 69.6 टक्के, आणि मूळ औषधावर 64 टक्के. याचा अर्थ बायोसिमिलर भारी असा काढू नका, फरक आधीच ठरवलेल्या मर्यादेत आहे एवढाच अर्थ. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, ते मंजूर केलं. आणि 2025 च्या ऑक्टोबरात त्याच एफडीएने मसुदा काढला की पुष्कळ बायोसिमिलरना पेशंटवरची ही मोठी तुलना आता लागणार नाही, कारण बारीक फरक पकडायला लॅबची यंत्रं जास्त तेज आहेत. मला ते पटतं, लॅबमध्ये बसतो म्हणून नाही, तर एवढ्या मोठ्या ट्रायलचा खर्च शेवटी पेशंटच्याच बिलात येतो म्हणून.

मग काउंटरवर बदललं तर काय बिघडलं? औषध वाईट म्हणून नाही, पण बदल डॉक्टरांनी करायचा आणि त्याची नोंद राहायला हवी, कारण उद्या रिॲक्शन आली तर कुठल्या कंपनीच्या कुठल्या बॅचने ते कळायला नको का? आणि दुसरी भीती नावाची आहे, ती मला जास्त वाटते. ट्रॅस्टुझुमॅब वेगळं, ट्रॅस्टुझुमॅब एम्टान्सिन वेगळं, ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन वेगळं. मागची दोन बायोसिमिलर नव्हेत, त्या अँटीबॉडीला केमोचं जहाल औषध जोडलेलं असतं आणि डोस पूर्ण वेगळा. साध्याचा दर तीन आठवड्यांनी द्यायचा नेहमीचा डोस वजनाच्या किलोला 6 मिलिग्रॅम, एम्टान्सिनचा 3.6. इथे "सेमच आहे" म्हणणं जिवावर बेतू शकतं.

आणि चुलत्यांच्या सल्ल्याबद्दल माझं मत ठाम आहे, ओरिजिनलची वाट बघत डोस चुकवण्यापेक्षा डॉक्टरांनी लिहिलेलं मंजूर बायोसिमिलर वेळेवर घेणं केव्हाही चांगलं.

काकींच्या मुलाने त्या रात्रीच हॉस्पिटलला फोन केला, डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचं लिहून दिलं आणि तारीख चुकली नाही. आता तो परळहून रात्रीच्या गाडीने औषध आणतो तेव्हा थर्मासच्या डब्यात बर्फ आणि खोकं यांच्यामध्ये जाड टॉवेल घालतो, कारण हे औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं आणि ते म्हणजे बर्फाला चिकटवणं नव्हे, गोठलं की ते प्रोटीन वाया गेलं. आणि चिपळूणला उतरला की आधी खोक्यावरच्या नावाचा आणि बॅच नंबरचा फोटो मला येतो.