मोठ्या फाइलींचा शोध (संगणकाच्या डिस्कवरील)

डिस्क भरत आली की कोणत्या फाइलींनी जागा अडवली आहे हे हुडकून नको असलेल्या काढून टाकण्याची कृती. विंडोजमध्ये 'सी' ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाल्याखेरीज ती सहसा कुणी करत नाही. डिलीटचे बटण दाबायला क्षणही लागत नाही. वेळ जातो तो शोधण्यात. जुनी शंभर पत्रे उडवून जेमतेम काही एमबी सुटतात, आणि 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहिलेली लग्नाच्या व्हिडिओची दुसरी प्रत एकटीच १० जीबी दाबून बसलेली असते.

'युनिक्स' या जुन्या संगणक-प्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) १९७१ पासून 'डीयू' ही आज्ञा आहे. ती फोल्डरनिहाय बेरीज देते, पण आकड्यांच्या लांबलचक यादीतून मुख्य चोर नजरेत भरत नाही. १९९० मध्ये अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत १४ जण मिळून ८० एमबीची एकच डिस्क वापरत. ती सारखी भरे आणि कोणामुळे भरली ते कळेना. (आज एवढी जागा मोबाइलवरच्या एका व्हिडिओलाही पुरेलच असे नाही.) त्या अडचणीतून 'ट्रीमॅप' निघाला. त्यात पडद्यावरचा आयत म्हणजे अख्खी डिस्क, प्रत्येक फोल्डर म्हणजे एक चौकट आणि त्यातल्या फाइली म्हणजे पोटातल्या चौकटी. जेवढी फाइल मोठी तेवढे क्षेत्रफळ जास्त. सुरुवातीच्या मांडणीत चौकटींच्या अरुंद चिरफळ्या होत. नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात त्यांना चौरसाच्या जवळ जाणारा, उशीसारखा फुगीर आकार मिळाला. तिथलाच 'सीक्वोयाव्ह्यू' हा प्रोग्राम. पुढे लिनक्सवर (युनिक्सच्या धर्तीची मुक्त प्रणाली) 'केडरस्टॅट' आणि त्यावरून २००३ मध्ये विंडोजसाठी 'विनडरस्टॅट' आला. मोजणी संपेपर्यंत त्यात छोटे पॅकमॅन (जुन्या व्हिडिओ गेममधले पिवळे गोल तोंड) मागेपुढे पळत राहतात, तेवढीच करमणूक.

चौकट मोठी दिसली म्हणून लगेच उडवू नये. 'हायबरफिल' ही हायबरनेशनची (संगणक बंद करताना चालू काम डिस्कवर जपून ठेवण्याची सोय) फाइल १६ जीबी रॅमच्या संगणकावर सहाएक जीबी घेते. ती हाताने पुसता येत नाही, हायबरनेशन बंद केले की आपोआप जाते. विंडोजचे स्वतःचे घटक ठेवणारा 'विनएसएक्सएस' फोल्डर अवाढव्य दिसतो, परंतु त्यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंकमुळे (एकाच फाइलला दोन ठिकाणी नावे असल्याने) दोनदा मोजल्या गेलेल्या असतात. तो हाताने रिकामा केला तर विंडोजच कोलमडू शकते. 'विंडोज.ओल्ड' मात्र आवृत्ती बदलल्यानंतरचा जुना संसार असतो. नवे नीट चालत असेल तर 'डिस्क क्लीनअप'मधून तो खुशाल काढावा.

डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणून बिन रिकामा होईपर्यंत डिस्कवर जागा सुटत नाही. लिनक्सवर याहून चकवणारा प्रकार घडतो. चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली लॉग (नोंदींची) फाइल पुसली, तर ती यादीतून नाहीशी होते आणि 'डीयू'ची बेरीजही घटते. डिस्कवरची एकूण मोकळी जागा सांगणारी 'डीएफ' आज्ञा मात्र डिस्क भरलेलीच दाखवते. तो प्रोग्राम बंद केला की मगच जागा परत मिळते.