जपानमध्ये बाळ झालं: १४ दिवस, ३० दिवस, ६० दिवस आणि १ वर्ष

कंपनीनं दोन-तीन वर्षांसाठी टोकियो किंवा ओसाकाला पाठवलं आणि तिथंच बाळ झालं, तर त्याची नोंद दोन सरकारांकडे करावी लागते. जपानमध्ये जन्मलं एवढ्यावरून बाळ जपानी होत नाही. आई-वडील भारतीय आहेत म्हणून ते आपोआप भारतीयही होत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात झाल्याशिवाय नागरिकत्व कायदा त्याला भारताचा नागरिक मानत नाही.

घोळ होतो तो बहुतेक वेळा क्रमात. 'आधी पासपोर्ट, मग व्हिसा' ही आपल्या अंगवळणी पडलेली पद्धत. इथं ती उलटी चालते. पासपोर्टची वाट पाहत बसलात तर इमिग्रेशनची मुदत हातची जाते.

पहिली पायरी: वॉर्ड ऑफिस, १४ दिवसांत

जन्माची सूचना, म्हणजे 'शुस्शो तोदोके', जिथं राहता किंवा जिथं बाळ जन्मलं तिथल्या वॉर्ड अथवा नगर कार्यालयात द्यायची. फॉर्म ए-३ आकाराचा असतो. उजवी बाजू डॉक्टर भरून देतात, डावी आई किंवा वडिलांनी भरायची. दिवस मोजताना जन्माचा दिवस पहिला धरतात. बाळ ३ तारखेला झालं असेल तर १६ तारखेला मुदत संपते. बारसं बाराव्या दिवशी करायचं असेल तर नाव ठरेपर्यंत हातात जेमतेम दोन दिवस राहतात, म्हणून नाव आधीच पक्कं करून ठेवलेलं बरं. उशिराला ५०,००० येनपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नाव फॉर्मवर कताकानात लिहितात, आडनाव आधी. या लिपीत र, ल आणि ळ यांना वेगळी अक्षरं नाहीत, त्यामुळे आरव आणि आलव एकसारखेच दिसतात. म्हणून रोमन स्पेलिंग सोबत द्या आणि तेच पुढे प्रत्येक कागदावर ठेवा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावायचं की नाही, तेही याच वेळी ठरवा. इथं फक्त 'अन्वी' आणि दूतावासाच्या अर्जात 'अन्वी सागर' असं झालं की खुलासे देत बसावं लागतं.

त्याच फेरीत दाखले काढून घ्या. 'जुरी शोमेइशो' हा सूचना स्वीकारल्याचा छोटा दाखला. 'किसाइ जिको शोमेइशो' म्हणजे भरलेल्या फॉर्मची प्रमाणित प्रत, डॉक्टरांच्या भागासकट. भारतीय कामांसाठी दुसरा जास्त उपयोगी, कारण त्यात जन्माचं ठिकाण आणि वेळही असते. प्रत्येकी ३५० येन पडतात. तीन-चार प्रती आत्ताच घ्या. परदेशी कुटुंबांची ही जन्मसूचना कार्यालय साधारण १० वर्षंच जपून ठेवतं. मूल दहावीला जाईल तेव्हा मूळ नोंद तिथं सापडेलच असं नाही.

बालभत्त्याचा अर्जही तिथंच करा. तीन वर्षांखालच्या मुलाला महिन्याला १५,००० येन मिळतात (तिसऱ्या अपत्यापासून ३०,०००), आणि ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट उरलेली नाही. जन्मानंतर १५ दिवसांत अर्ज न केल्यास मधल्या महिन्याचे पैसे बुडतात, मागाहून मिळत नाहीत. बाळाचं नाव आरोग्य विम्यात घालायचं काम कंपनीच्या एचआरकडे सोपवा.

दुसरी पायरी: इमिग्रेशन, ३० दिवसांत

बाळ ६० दिवस कोणत्याही व्हिसाशिवाय राहू शकतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत निवासाचा दर्जा मिळवण्याचा अर्ज करावा लागतो. टोकियोत, निशी-कासाईच्या भारतीय वस्तीत राहणाऱ्यांनाही, त्यासाठी सहसा शिनागावाचं इमिग्रेशन कार्यालय गाठावं लागतं. शुल्क नाही. बाळाच्या फोटोचीही गरज नाही, तान्ह्या बाळाच्या निवासकार्डावर तो नसतोच.

सोबत न्यायचं: अर्ज, जन्मसूचनेचा दाखला, सगळ्या कुटुंबाचा 'जुमिनह्यो' (वॉर्ड ऑफिसातला रहिवासी दाखला), ज्याच्या आधारावर बाळ राहणार त्या पालकाचं नोकरीचं प्रमाणपत्र आणि निवासकराचे दाखले, दोघांचे पासपोर्ट आणि निवासकार्डं. जुमिनह्योवर बाकी सगळा तपशील हवा, पण माय नंबर (जपानचा वैयक्तिक ओळख क्रमांक) नको. वॉर्ड ऑफिसात मागताना हे सांगितलं नाही तर परत हेलपाटा. बाळाचा पासपोर्ट अजून नसेल तर तसं कारण लिहून द्यायचं, अर्ज अडत नाही. नोकरीच्या व्हिसावरच्या पालकांच्या बाळाला 'कुटुंबासह वास्तव्य' हा दर्जा मिळतो.

साठ दिवस उलटले आणि अर्जच केलेला नसेल, तर तान्ह्या बाळाचं राहणंही बेकायदा ठरतं. कायदा वय पाहत नाही.

तिसरी पायरी: भारतीय दूतावास, १ वर्षात

टोकियोतला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास (उदा. ओसाका-कोबेचा), तुमचा भाग ज्याच्या हद्दीत येईल तिथं. पात्रता साधी: जन्माच्या वेळी आई-वडिलांपैकी किमान एक भारतीय नागरिक हवा, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांनी लिहून द्यायला हवं. नागरिकत्वाच्या पोर्टलवर कलम ४(१) खालचा नोंदणी अर्ज भरून त्याची प्रिंट काढायची. सोबत जपानी जन्मदाखला व त्याचं इंग्रजी भाषांतर, दोघांचे पासपोर्ट, निवासकार्डं आणि विवाह नोंदणीचा दाखला. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर हा दाखला विसरू नका. तो फक्त मराठीत असेल तर त्याचंही इंग्रजी भाषांतर लागेल. पासपोर्टचा अर्ज यासोबतच करता येतो. फोटोत पांढरी पार्श्वभूमी आणि उघडे डोळे हवेत, म्हणून बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढणं सोपं जातं. मात्र चादरीला सुरकुती नको आणि धरणाऱ्याचा हात चौकटीत नको.

वर्ष उलटलं तरी दार बंद होत नाही, पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. काही जण म्हणतात, गावी जाऊन जन्मदाखला काढू. भारतात स्थायिक व्हायला परतलेल्या पालकांना परदेशातला जन्म आल्यापासून ६० दिवसांत तिथं नोंदवता येतो खरा, पण ती जन्माची नोंद झाली, नागरिकत्वाची नव्हे.

आजीला बाळ दाखवायला जायची घाई असेल तर पासपोर्ट आणि निवासकार्ड, दोन्ही हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. दूतावास एकेरी प्रवासापुरता आपत्कालीन दाखला देऊ शकतो, पण परतीसाठी तो उपयोगाचा नाही. दोन्ही कागद असतील तर जपान सोडताना विमानतळावर भरायच्या कार्डावर 'परत येणार' या चौकटीत बाळाच्या नावानंही खूण करा. ती राहिली तर निवासाचा दर्जा तिथंच संपतो.

बाळंतपण माहेरी केलं तर

तेव्हा वरच्या तिन्ही पायऱ्या लागू होत नाहीत. बाळाचा पासपोर्ट भारतातच निघतो आणि जपानला नेण्यासाठी आधी तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला एक ते तीन महिने धरा, आणि ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत बाळाला जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. आई जपानी आरोग्य विम्यात असेल तर भारतातल्या बाळंतपणासाठीही ४,८८,००० येन मागता येतात. जपानमधल्या बाळंतपणाला सहसा ५,००,००० मिळतात आणि ते थेट रुग्णालयाला जातात. भारतातल्या रुग्णालयाचं बिल, जन्मदाखला, त्यांचं जपानी भाषांतर आणि आईच्या पासपोर्टवरचे प्रवासाचे शिक्के जपून ठेवा. दाव्याची मुदत दोन वर्षांची.