मोटारीचे गिअर ऑइल

हाताने गिअर टाकाव्या लागणाऱ्या मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये भरायचे वंगण. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘नव्वद नंबर’ म्हणायची पद्धत आहे आणि निवडीतला घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. क्लच हायड्रॉलिक असेल, तर त्याच्या डबीतले द्रव हे ब्रेक ऑइल असते. त्याचा या तेलाशी संबंध नाही.

गिअर ऑइलला दोन उलट कामे एकाच वेळी करावी लागतात. दातांवर प्रचंड दाब येतो, तिथे घर्षण जितके कमी तितके चांगले. सिंक्रोनायझर रिंगचे काम मात्र घर्षणावरच चालते. ही बहुतेक गाड्यांत पितळेची, आतून शंकूसारखी निमुळती आणि बारीक चऱ्या असलेली कडी असते. गिअर टाकताना ती गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि दोघांची गती जुळली की दात खटका न होता एकमेकांत बसतात. त्या क्षणी मधला तेलाचा थर चऱ्यांतून निघून गेला पाहिजे. कॅडिलॅक या अमेरिकी मोटार कंपनीने १९२८ साली गती अशी आपोआप जुळवणारा ‘सिंक्रोमेश’ गिअरबॉक्स आणला. त्याआधी चालकाला दोनदा क्लच दाबून गती स्वतःच जुळवावी लागे. म्हणजे तेल निसरडे हवे, पण फार निसरडे चालत नाही. महागडे तेल ते चांगले, हा हिशेब इथे फसतो.

डब्यावरच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जातला जीएल-४ आणि जीएल-५ हा फरक सर्वांत महत्त्वाचा. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचासाठी) आहे. तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे भरपूर घालतात; गिअर ऑइलचा तो उग्र वास गंधकाचाच. जीएल-४ मध्ये ही संयुगे ढोबळमानाने निम्मी असतात. तेल तापले की सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ लागते आणि पितळेची रिंग झिजते. हल्लीच्या अनेक जीएल-५ तेलांत हा मारा सौम्य करणारी द्रव्ये असतात, पण म्हणून रिंगची पकड सुधारते असे नाही. तेव्हा ५ हा आकडा ४ पेक्षा वरचा दर्जा नव्हे. काम वेगळे आहे. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही छापलेले असेल, तर जरा संशयानेच पाहावे.

अपवादही आहेत. इंजिन आडवे बसवलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते. पण त्याचे दात हायपॉइड नसतात, त्यामुळे बहुधा जीएल-४ पुरते. सुबारूसारख्या, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांत त्याच पोटात हायपॉइड गिअर असतो आणि कंपनीच जीएल-५ सांगते. तिथे रिंगाही त्या हिशेबाने बनवलेल्या असतात. बोर्ग-वॉर्नरच्या टी-५ गिअरबॉक्सला चक्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल लागते. होंडाचे स्वतःचे एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचे द्रव) आहे. १९५९ च्या मूळ मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्या चेंबरमध्येच (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) होता, म्हणून दोघांना एकच इंजिन ऑइल. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत आजही तीच व्यवस्था आहे. एपीआयचा एमटी-१ हा दर्जा मात्र सिंक्रोनायझर नसलेल्या जड ट्रक-बसच्या गिअरबॉक्ससाठी आहे.

दाटपणा एसएई (वाहन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) क्रमांकाने सांगतात: ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०. हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. मोजपट्टीच वेगळी आहे. ९० चे गिअर ऑइल तापल्यावर साधारण ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंश सेल्सिअसला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. महाराष्ट्रात अशी थंडी पडत नाही, तरी कंपनीने ७५डब्ल्यू सांगितले असेल तर तेच घालावे. सकाळी पहिले काही मिनिटे दुसरा गिअर कडक पडतो, याचे एक कारण गरजेपेक्षा दाट तेल हे असू शकते. गिअर आवाज करतो म्हणून १४० नंबर ओतण्याचा उपाय आवाज दाबतो. खराब बेअरिंग खराबच राहते.

गाडीची पुस्तिका हाच शेवटचा शब्द. बदलताना आधी भरायचा प्लग सुटतो का ते पाहावे आणि मगच खालचा ड्रेन प्लग काढावा; वरचा गंजून बसला असेल, तर तेल काढून टाकलेली गाडी तिथेच अडकते. खालच्या प्लगवर चुंबक असल्यास त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला दिसतो, तो नेहमीच्या झिजेचा. पोलादाचा तुकडा सापडला तर दात तपासावे लागतात. तेलात सोनेरी चमक दिसली तर रोख रिंगांकडे जातो, कारण पितळ चुंबकाला चिकटत नाही. बहुतेक गाड्यांत तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत असते आणि ती गाडी सपाट उभी असतानाच खरी कळते.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे गिअर ऑइल किलोमीटर न मोजता पाहावे. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) पाणी ओढले जाते; असे तेल दुधाळ दिसते आणि ते टाकूनच द्यावे लागते. एएमटी (गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्यांतला गिअरबॉक्सही मुळात मॅन्युअलच असल्याने त्याला गिअर ऑइल लागते. क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल, तर तिचे द्रव निराळे असते आणि ते वेगळे तपासावे लागते.