जमिनीला कळू न देता

भुयारी स्टेशनाचं काम निघालं की रस्त्यावर पत्रे उभे राहतात आणि महिनोन्महिने आतून नुसता आवाज येत राहतो. "अजून खड्डाच खणतायत," असं येणारे-जाणारे म्हणतात. खरं म्हणजे बराच काळ खड्ड्याला सुरुवातच झालेली नसते. आधी भिंती होतात, त्याही न खोदलेल्या जमिनीत.

या भिंतीची गंमत बघण्यासारखी असते. मीटरभर रुंद आणि कित्येक मीटर खोल चर खणला, तर त्याच्या कडा ढासळणारच. म्हणून माती निघेल तसतशी आत बेंटोनाइट या चिकणमातीची पातळ स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं मिश्रण, ओततात. ती पाण्याहून किंचित जड असते. कडांवर तिची सायीसारखी पातळ पापडी धरते आणि स्लरीचा दाब त्या पापडीवर रेलून माती जागच्या जागी धरून ठेवतो. मग क्रेनने सळ्यांचा अख्खा पिंजरा आत सोडतात आणि तळापर्यंत नळी घालून काँक्रीट खालून वर भरत आणतात. काँक्रीट जड, स्लरी हलकी. त्यामुळे स्लरी आपोआप वर ढकलली जाते, ती उपसून, गाळून पुढच्या चराला वापरतात. चर एक क्षणही रिकामा नसतो, आणि सगळी अक्कल त्यातच आहे.

लंडनची मेट्रोपोलिटन रेल्वे ही जगातली पहिली भुयारी रेल्वे. ती 1863 मध्ये सुरू झाली, पण तिच्या बऱ्याचशा भागासाठी रस्ताच वरून उघडा केला होता. आता पुष्कळदा उलटं करतात. भिंती झाल्या की आधी छत घालायचं, त्यावर रस्ता परत चालू करायचा आणि त्या छताखाली खोदत एकेक मजला उतरायचं. प्रत्येक मजल्याचा स्लॅब दोन्ही भिंतींना आतून टेकू देतो. घर छतापासून बांधायला घ्यावं तसा हा प्रकार!

दोन स्टेशनांमधला बोगदा टीबीएम, म्हणजे टनेल बोरिंग मशीन हे अजस्र यंत्र, खोदतं. मऊ जमिनीत हे यंत्र खोदलेली माती लगेच बाहेर टाकत नाही. फिरत्या चाकामागे ती कोंडून ठेवतं आणि समोरच्या मातीला तिचाच दाब देतं. दाब कमी पडला तर रस्ता खचतो, जास्त झाला तर फुगतो.

किती खचतो, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. 6 मीटर व्यासाच्या बोगद्याचं तोंड सुमारे 28 चौरस मीटरचं. हवी त्यापेक्षा 1 टक्का माती जास्त आली, तर दर मीटरमागे 280 लिटर मातीची तूट. ही तूट वर पोचेपर्यंत पसरते आणि रस्त्यावर उथळ, लांबट खळगा पडतो. त्याच्या आकाराचं गणित राल्फ पेक या अमेरिकन अभियंत्यांनी 1969 मध्ये मांडलं. बोगदा चिकणमातीत 20 मीटर खोल असेल, तर खळगा मधोमध साधारण 11 मिलिमीटर. एवढ्याने काय होतं? अख्खी इमारत सारखीच खाली बसली तर फारसं काही नाही. एकच कोपरा बसला तर भिंतीला तडा. म्हणून आसपासच्या घरांवर काचेचे छोटे प्रिझम लावतात आणि एक यंत्र त्यांच्यावर रात्रंदिवस नजर ठेवून मिलिमीटर मोजतं.

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला ज्युबिली लाइन या भुयारी रेल्वेमार्गाचं खोल स्टेशन झालं, ते बिग बेनच्या मनोऱ्याच्या अगदी जवळ. तिथे मनोऱ्याच्या पायाखाली आधीच नळ्या घालून ठेवल्या होत्या. मनोरा कलायला लागला की त्या नळ्यांतून सिमेंटची स्लरी दाबाने सोडायची आणि कल आवरायचा. गाड्या 1999 मध्ये सुरू झाल्या. मनोरा उभाच आहे.

चालू स्टेशन सुधारणं मला याहून अवघड वाटतं. नवा जिना, लिफ्ट, लांब केलेला फलाट, सगळं शेवटची गाडी गेल्यावर आणि पहिली येण्याआधी. मिळतात जेमतेम तीन-चार तास. त्यातला बराच वेळ वीज बंद झाल्याची खात्री करण्यात आणि सामान आत-बाहेर नेण्यात जातो. पहाटे निघताना हत्यारं मोजतात. जेवढी आत गेली तेवढी बाहेर यायला हवीत. एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत रूळ मोकळा झाला असं कुणी म्हणत नाही.