कच्चा घोडा आणि पहिली स्पर्धा: एंट्री भरायच्या आधी एकदा वाचा

दर वर्षी पाऊस संपून रिंगची माती वाळली की आमच्या यार्डवर, म्हणजे तबेल्यावर, एकच प्रश्न सुरू होतो, "या सीझनला आपला घोडा उतरवायचा ना?" आणि विचारणाऱ्याचा घोडा बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांपूर्वी रेसकोर्सवरून आलेला असतो, नाहीतर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून हौसेने घेतलेला. प्रत्येकाला वेगळं बसून समजावण्यात दोन-दोन तास जातात म्हणून शेवटी हे लिहून काढलं. ड्रेसाज असो (ठरलेल्या हालचाली शांतपणे करून दाखवायच्या) की जंपिंग (दांड्यांवरून उड्या मारायच्या), पहिल्या स्पर्धेला आपण घोड्याला शिकवायला नेतो, कप आणायला नाही, एवढं पटत असेल तर पुढचं सगळं सोपं आहे. नसेल पटत तर आधी चहाला या, मग एंट्रीचं बोलू.

कच्चा म्हणजे नक्की कुठला घोडा

वयाचा संबंध थोडाच. रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड (रेसच्या जातीचा घोडा) दोन वर्षांचा असल्यापासून पळतोय, त्याने गर्दी पाहिलीय, लाउडस्पीकर पाहिलाय, त्यामुळे लोकांना वाटतं हा तयारच आहे. पण तो जे शिकलाय ते आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलटं आहे. लगाम ताणला की तो त्यावर टेकून अजून जोरात पळतो, कारण रेसमध्ये तसंच असतं. आपण घाबरून ओढतो आणि त्याला वाटतं साहेब म्हणतायत सोड गाडी! जॉकी रिकीब आखूड बांधून वर बसतो त्यामुळे पोटाला लागलेला पाय म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं. जॉकीला तर खालून पाय धरून चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, म्हणून हा घोडा स्टुलाशेजारी उभाच राहत नाही, यात त्याचा माज वगैरे काही नसतो. शिवाय घोड्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, म्हणजे चार वर्षांचा घोडा कितीही दणकट दिसला तरी अजून पोरच आहे. असा घोडा आला की आम्ही पहिले दोन-तीन महिने त्याला नुसता मोकळा सोडतो, हातात धरून फिरवतो, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक हळूहळू बदलतो. तेवढे दिवस "काम कधी सुरू" म्हणून फोन करू नका प्लीज.

मारवाडी आणि काठेवाडी जातीच्या घोड्यांची गोष्ट वेगळी. हुशार असतात, माणसाला जीव लावतात, पण काहींना रेवाल चाल (एका बाजूचे पाय पाठोपाठ टाकत, न हिंदकळता जायची) जन्मजात असते आणि ड्रेसाजमध्ये दुडकी म्हणजे ट्रॉट स्वच्छ दोन ठेक्यांची लागते, आडवे पाय जोडीने उचललेले. त्यामुळे बसायला मऊ असलेली रेवाल तिथे मार्क खाते. दुसरं म्हणजे नाच. वरातीत किंवा बाजारात नाचणारा घोडा दाखवून "हा तर ड्रेसाज करतोच" असं आम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. नाही हो. तो पाठ कडक करून, तोंड आवळून, ताणात पाय आपटत असतो आणि जज बघतो ते सैल पाठीने शांतपणे चालणारं जनावर. नाच शिकलेल्या घोड्याला आधी तो विसरायला शिकवावं लागतं, आणि त्याला कोऱ्या घोड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ड्रेसाज: फुकट जाणारे मार्क

प्राथमिक टेस्टमध्ये अवघड काही नसतं. 20 बाय 40 मीटरची रिंग, कडेला अक्षरं, ए अक्षराकडून आत यायचं, एक्सवर म्हणजे रिंगच्या मधोमध थांबून सलाम, मग साधी चाल, दुडकी, कँटर (सावकाश दौड), 20 मीटरची वर्तुळं, परत सलाम. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 मार्क, 6 म्हणजे समाधानकारक, म्हणून सगळीकडे 6 पडले की 60 टक्के. कच्च्या घोड्याला पहिल्या वेळी 60 आले तर आम्ही पेढे वाटतो. घरचे लोक मात्र तोंड पाडतात, कारण डोक्यात दहावीचे 95 टक्के बसलेत. ड्रेसाजचे टक्के वेगळे असतात, इथे 70 म्हणजे फार भारी.

गंमत म्हणजे कच्च्या घोड्याचे बरेच मार्क घोडा नाही, रायडर घालवतो. 20 मीटरचं वर्तुळ या रिंगच्या बरोबर अर्ध्यात बसतं, ए वरून सुरू केलं तर एक्सला टेकून परत आलं पाहिजे, पण दहातले आठ जण अंडं काढतात. कोपरे कापतात. अक्षरावर दुडकी लिहिलंय तर तुमचं शरीर अक्षराशी आलं की दुडकी लागायला हवी, घोड्याचं नाक आल्यावर नाही. हे सगळं घोडा न दमवता शिकता येतं. आम्ही कबड्डीचं मैदान आखतात तशी फक्कीने रिंग आखून देतो, त्यात आधी स्वतः पायी टेस्ट चाला. हसू येतं पण पाठ होते. टेस्ट वाचून दाखवणारा सोबत चालतो का हे स्पर्धेच्या नियमात बघायचं, पण चालत असला तरी पाठ हवीच, वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही.

घोड्याच्या बाजूने काय बघतो तर जर्मन पद्धतीच्या ट्रेनिंगच्या शिडीच्या पहिल्या तीन पायऱ्या, ताल, सैलपणा आणि लगामातून तोंडाशी हलका काँटॅक्ट. जोर, सरळपणा आणि शेवटचं कलेक्शन (अंग गोळा करून मागच्या पायांवर भार घेणं) हे नंतरचं. त्यामुळे मान वाकवून "छान" दिसण्याच्या नादात लगाम ओढून धरू नका, जज लोक ते लांबून ओळखतात आणि शीटवर लिहितात. लांब लगामावर मोकळी चाल असते ना, तिला बऱ्याच टेस्टमध्ये दुप्पट मार्क असतात आणि नेमकं तिथेच लोक श्वास सोडून ढिले पडतात. घोड्याने मान खाली लांब करून ढांगा टाकल्या पाहिजेत. रोज राइड संपली की तशीच पाच मिनिटं चालवा, बस, तोच सराव.

सामानाचं पण सांगतो. मार्टिंगेल (घोड्याने डोकं फार वर टाकू नये म्हणून लावायचा पट्टा) ड्रेसाजच्या रिंगमध्ये चालत नाही, जंपिंगमध्ये रनिंग मार्टिंगेल चालतं. रोज मार्टिंगेलवर फिरवलेला घोडा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा झाला की आकाशातले तारे मोजतो, म्हणून महिनाभर आधी काढून टाका. बिट, म्हणजे लगामाचा तोंडातला भाग, साधा स्नॅफल. पायाला बूट-बँडेज असेल तर आत जायच्या आधी उतरवायचं, विसरलात तर बाद व्हायची वेळ येते, मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) आदल्या रात्रीच बजावून ठेवा. आणि जिभेने टक टक करून घोडा पुढे काढायची सवय मोडा, टेस्टमध्ये आवाज वापरला की मार्क कापतात.

लोक विचारतात 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या टीमला ड्रेसाजचं गोल्ड आलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता, मग आपलं घोडं कुठे अडलंय? ती मंडळी वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकली, घोडे तिथले, तयार झालेले. त्या पातळीची टेस्ट घोड्याला यायला कित्येक वर्षं जातात. आपण आत्ता बालवाडीत आहोत.

जंपिंग: उंची सोडून बाकी सगळं

"घरी 90 मारतो", म्हणजे 90 सेंटिमीटरची उडी, हे वाक्य आम्ही फार ऐकलंय. घरी म्हणजे ओळखीची रिंग, ओळखीचे दांडे, आणि आपणच मांडलेली अंतरं. बाहेर गेल्यावर आमचा हिशोब साधा आहे, घरी आरामात जी उंची होते त्याच्या 20 सेंटिमीटर खाली एंट्री. घरी 80 तर बाहेर 60. खूप खाली वाटलं तरी चालेल, त्या दिवशी घोड्याचं डोकं उंचीत नसून फिलरमध्ये (दांड्याखाली भरलेल्या रंगीत फळ्यांमध्ये), झेंड्यात आणि बाजूच्या चहाच्या टपरीत असतं.

आमचीच चूक सांगतो. एक तांबडा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) होता, घरी अगदी लोण्यासारखा उडायचा. आम्ही 80 ला उतरवला. तिसऱ्या उडीच्या मागे फ्लेक्सचा बॅनर वाऱ्यात फडफडत होता, घोडा बुजला, एकदा अडला, परत नेला, परत अडला, घंटी वाजली आणि आऊट. मालक आमच्यावर चिडले आणि त्यांचं बरोबरच होतं कारण आम्ही त्याला कधी फ्लेक्सच दाखवला नव्हता. तेव्हापासून गणपती झाले की शेजारच्या मंडळाकडून जुने फ्लेक्स मागून आणतो आणि रिंगच्या कडेला टांगतो. निळी ताडपत्री जमिनीवर अंथरून पाण्याची सवय, प्लास्टिकचे ड्रम आडवे टाकून फिलर. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला दिसतो, लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ होतो, त्यामुळे हिरव्या गवतावरचा लाल दांडा आपल्याला उठून दिसतो तसा त्याला दिसेलच असं नाही. वेगवेगळ्या रंगांचे दांडे घरीच दाखवून ठेवलेले बरे. दहा दिवस मंडळाचा डीजे वाजत असतो तोही आम्ही आता ट्रेनिंगमध्येच धरतो, दुसरा इलाजही नाही म्हणा.

कोर्स वॉकला, म्हणजे स्पर्धेआधी उड्यांची वाट पायी मोजताना, हातात फोन नको. तुमचं एक पाऊल तीन फुटांचं बसवा, कँटरची एक ढांग साधारण 12 फुटांची, म्हणजे तुमची चार पावलं. उडीनंतर उतरायला सहा फूट आणि पुढच्या उडीसाठी उठायला सहा फूट धरले की दोन उड्यांमध्ये 60 फूट असतील तर चार ढांगा. हा झाला पुस्तकी हिशोब, लहान उंचीवर कोर्सवाले अंतर थोडं कमी ठेवतात, छोटा काठेवाडी त्यातही एखादी ढांग जास्त घेतो, आणि रेसवाला घोडा जोरात आला की चारच्या साडेतीन करतो आणि मग दांडा. म्हणून तुमच्या घोड्याची ढांग घरी मोजून ठेवा. लाल झेंडा उजवीकडे पांढरा डावीकडे, हे वॉर्मअपच्या उडीलाही लागू, उलट्या दिशेने मारू नका.

मार्कांचं गणित छोटं आहे, दांडा पडला की 4 मार्क दंड, पहिल्यांदा अडला की 4, आंतरराष्ट्रीय नियमात दुसऱ्यांदा अडला की बाद, रायडर पडला तरी बाद. लोकल क्लासमध्ये कधी कधी जास्त संधी देतात, ते स्पर्धेच्या कागदात वाचायचं. अडल्यावर चाबूक काढून राग काढायचा नाही, ही आमची अट आहे. शांतपणे वळवा, पुरेसं अंतर घ्या, पाय लावा, परत या. घोडा हादरलाय असं वाटलं तर हात वर करून जजला सलाम करा आणि दुडकीत बाहेर या, यात काही कमीपणा नाही.

त्या दिवशी

पहिल्या वेळी जमलं तर एंट्री न भरता नुसता घोडा घेऊन जाऊ, आयोजक परवानगी देत असतील तर. दिवसभर बांधून, फिरवून, बाकीचे घोडे दाखवून परत. पैसे वाया गेले असं वाटतं पण पुढच्या वेळी तोच घोडा अर्धा थंड असतो. सोबत एखादा म्हातारा शहाणा घोडा असला तर सोन्याहून पिवळं. फक्त तो दूर नेला की आपला किंचाळायला लागतो, तेव्हा दोघांना मधूनमधून वेगळं करायची प्रॅक्टिस घरीच हवी.

कच्च्या घोड्याला एका दिवशी ड्रेसाज आणि जंपिंग दोन्ही नको असं आमचं मत. करायचंच असेल तर ड्रेसाज आधी. जंपिंगनंतर घोडा तापतो, मग एक्सवर चार सेकंद उभा राहणं त्याला जन्मठेप वाटते. वॉर्मअपला डावा हात डाव्या हाताशी ठेवून एकमेकांना ओलांडायचं. लाथ मारणारा असेल तर शेपटीला लाल रिबीन, नवखा असेल तर हिरवी, बांधायला लाजू नका.

नव्या जागचं पाणी बरेच घोडे तोंडाला लावत नाहीत. घोड्याला दिवसाला 25-30 लिटर तरी पाणी लागतं, उन्हात जास्त, आणि पाणी तुटलं की पोटशूळ ठरलेला. म्हणून आम्ही आठवडाभर आधी घरच्या पाण्यात थोडा गूळ टाकायला लागतो, तिथे गेल्यावर तीच चव. चंदी आणि वैरण घरचीच न्यायची.

कागदपत्रं आमच्याकडे सोपवा, फक्त घोड्याचा पासपोर्ट, लसीकरण आणि ग्लँडर्सच्या (घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या) तपासणीचा रिपोर्ट वेळेत द्या, तो रक्ताचा नमुना तपासून यायला दिवस लागतात, आदल्या दिवशी व्हॅनमध्ये घोडा चढवताना आठवून उपयोग नाही.

एंट्रीची शेवटची तारीख यायच्या दोन आठवडे आधी यार्डवर या, आम्ही तुमच्यासमोर टेस्ट आणि छोटा कोर्स घेऊ आणि कुठला क्लास ते तिथेच ठरवू. स्पर्धेच्या सकाळी घोडा जरा जरी लंगडला किंवा चंदी शिवली नाही तर विड्रॉ करायचा निर्णय आमचा. एंट्री फी परत मिळत नाही, त्यावरून आमच्याशी भांडायचं असेल तर घोड्याला खरारा करता करता भांडा, मोतद्दाराचं तेवढं काम हलकं होईल.