मायक्रोवेव्हच्या नळीतून काचेच्या तंतूकडे : पार्श्वभूमी

ऑप्टिकल फायबरचा, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचतंतूचा, इतिहास सांगताना १८४१ साली जिनिव्हात पाण्याच्या धारेतून वळवून दाखवलेला प्रकाश, १९६० मधला लेझर आणि १९६६ मधला गाजलेला शोधनिबंध असे तीन टप्पे घेण्याची प्रथा पडली आहे. या मांडणीत मायक्रोवेव्हच्या, म्हणजे सेंटिमीटर-मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरींच्या, अभियंत्यांचे काम जवळजवळ दिसेनासे होते. वास्तविक इंग्लंडमधील हार्लो येथील ज्या प्रयोगशाळेतून १९६६ चा निबंध बाहेर पडला, तिथे हा विषय हाताळणारा गट मूळचा मायक्रोवेव्ह तरंगनलिकांवर, म्हणजे या लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्यांवर, काम करणारा होता, आणि त्या निबंधातील प्रश्न विचारण्याची पद्धतही त्याच कामातून आलेली होती.

मायक्रोवेव्हची बाजू प्रकाशतंतूच्या बरीच आधी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोलकात्यात सुमारे ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून शृंगाकार अँटेनातून पाठवल्या गेल्या, १८९७ मध्ये पोकळ धातुनलिकेतील लहरींचे गणित मांडले गेले आणि १९१० मध्ये जर्मनीत विद्युतरोधक दांड्यातून लहरी कशा वाहतील याचा हिशेबही झाला. मात्र पुरेशा शक्तीचा सलग स्रोत हाती नसल्याने हे सारे काम पडून राहिले. १९३६ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पोकळ नळीतून लहरी पाठवून दाखवल्या, पुढच्या वर्षी क्लायस्ट्रॉन ही मायक्रोवेव्ह निर्माण करणारी निर्वातनळी आली, आणि फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन या दुसऱ्या स्रोताने सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर काही शे वॅट शक्ती दिली. त्यानंतरच्या पाच युद्धवर्षांत रडारच्या गरजेपोटी दिशादर्शी कपलर, क्षीणक, सिलिकॉन स्फटिकाचे मिक्सर, स्थिरलहरी मोजण्याची खाचनळी असे घटक भराभर तयार झाले. लहर नेण्याची, वळवण्याची, विभागण्याची आणि तिचा क्षय, म्हणजे वाटेत होणारी शक्तीची घट, मोजण्याची शिस्त इथे घडली.

युद्धानंतर ही शिस्त एका महत्त्वाकांक्षी योजनेकडे वळली. साधारण ५० मिलिमीटर व्यासाच्या गोल नळीत एक विशिष्ट मोड, म्हणजे लहरीने नळीत पसरून वाहण्याची एक ठरावीक रीत, असा आहे की वारंवारता वाढत जाईल तसा त्याचा क्षय कमी होत जातो, आणि म्हणून हजारो दूरध्वनी संभाषणे एकाच नळीतून नेता येतील असा विश्वास अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये निर्माण झाला. अडचण अशी होती की एवढ्या रुंद नळीत इतर शेकडो मोडही मार्गस्थ होऊ शकतात. नळीला थोडा बाक आला किंवा तिचा गोलपणा केसभर बिघडला की ऊर्जा हव्या त्या मोडमधून नको त्या मोडमध्ये झिरपते. आतल्या भिंतीला सर्पिल तारेचे अस्तर देणे, विद्युतरोधकाचा पातळ थर लावणे, नळी जवळजवळ सरळ रेषेत पुरणे अशा उपायांवर वीसेक वर्षे खर्ची पडली. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रत्येकी सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या चाचण्या यशस्वी झाल्या, परंतु तोवर फायबर पुढे निघून गेले होते.

प्रकाशतंतूचे आरंभीचे काम मात्र वैद्यकाच्या अंगाने झाले. जानेवारी १९५४ मध्ये एका ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकाच्या एकाच अंकात तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याविषयी दोन टिपणे आली, आणि १९५६ च्या अखेरीस मिशिगनमध्ये काचेवरच काचेचे आवरण चढवलेला तंतू ओढला गेला. त्याचा क्षय मीटरमागे सुमारे १ डेसिबल (शक्तीतील घट मोजण्याचे एकक) होता. जठर पाहण्यास तो पुरेसा होता, दूरसंचारासाठी मात्र पूर्णपणे निरुपयोगी होता.

१९६६ च्या निबंधाने हा क्षय काचेचा मूळ गुणधर्म नसून त्यातील लोहासारख्या अशुद्धींचा परिणाम आहे असे दाखवले आणि किलोमीटरमागे २० डेसिबल, म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश उरणे, हे उद्दिष्ट ठेवले. ही बाब सर्वांना ठाऊक असते. त्याच निबंधाचा दुसरा आग्रह मात्र क्वचित सांगितला जातो: तंतूचा गाभा, म्हणजे प्रकाश वाहणारा आतला भाग, इतका बारीक ठेवावा की त्यातून एकच मोड जाईल. पुढे जो वाद झाला, तो या दुसऱ्या आग्रहाभोवती.

मायक्रोवेव्हवाल्यांना हा आग्रह स्वाभाविक होता. सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्याची नेहमीची आयताकृती नळी आतून सुमारे २३ बाय १० मिलिमीटर असते, आणि हे माप त्या पट्ट्यात एकच मोड वाहावा म्हणूनच ठरलेले आहे. गोल धातुनलिकेच्या गणितात २.४०५ हा आकडा एका मोडची सीमा ठरवतो, आणि तोच आकडा काचतंतूत दुसरा मोड कुठे सुरू होतो ते सांगतो. शिवाय रुंद नळीतील मोडांच्या गोंधळाशी झुंजलेल्या लोकांना तोच गोंधळ काचेत पुन्हा नको होता.

तरीही १९७० च्या दशकात बहुतेक प्रयोगशाळांनी मल्टिमोड, म्हणजे अनेक मोड वाहू देणारा जाड गाभ्याचा, तंतू निवडला. १९७० मध्ये अमेरिकेतील एका काचकारखान्याने ज्या तंतूत क्षय २० डेसिबलच्या खाली आणला तो तंतू सिंगल-मोड, म्हणजे एकच मोड वाहणारा, होता, हे लक्षात घेता हा बदल आणखी ठळकपणे जाणवतो. कारणे काचेत नव्हती, घटकांत होती. काही मायक्रोमीटरचा गाभा दुसऱ्या तितक्याच गाभ्याशी जुळवायचा तर चूक एका मायक्रोमीटरच्या आत ठेवावी लागे, आणि खड्ड्यात बसून केबल जोडणाऱ्या तंत्रज्ञाला ते साधेल असे कोणालाही वाटत नव्हते. ५० मायक्रोमीटरच्या गाभ्याला जोड देणे त्यामानाने सोपे होते. सामान्य तापमानाला सलग चालणारा अर्धवाहक लेझर १९७० मध्येच आला होता आणि त्याचे आयुष्य फार तोकडे होते, त्यामुळे एलईडीवरही चालेल असा तंतू हाताशी असणे सुरक्षित वाटे. एकसारख्या अपवर्तनांकाच्या (काचेत प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्याच्या) जाड गाभ्यात निरनिराळ्या मोडांच्या आगमनात किलोमीटरमागे सुमारे ५० नॅनोसेकंदांचा फरक पडतो. गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे हळूहळू उतरता ठेवून, म्हणजे ग्रेडेड-इंडेक्स तंतू बनवून, हा फरक एका नॅनोसेकंदाच्या आसपास आणता येत होता.

माझ्या मते ही निवड त्या क्षणी योग्य होती, परंतु तिला सिद्धान्ताचा विजय म्हणून जे मांडले गेले ते बरोबर नव्हते. उतरत्या अपवर्तनांकाचे गणित कागदावर सुंदर होते, पण प्रत्यक्ष तंतूत तो उतार जरा चुकला की त्याचा लाभ झपाट्याने घटत असे, आणि ही उणीव कोणत्याही जोडणीच्या सोयीने भरून निघणारी नव्हती. १९७७ मध्ये कॅलिफोर्निया, शिकागो आणि इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष दूरध्वनी वाहतूक फायबरवर सुरू झाली ती मल्टिमोडवरच.

निकाल पुन्हा घटकांनीच लावला. जपानमध्ये क्षय १९७६ मध्ये किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या खाली आणि १९७९ मध्ये १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीवर ०.२ डेसिबलवर आला. दरम्यान १.३ मायक्रोमीटरचे टिकाऊ लेझर तयार झाले. या तरंगलांबीला सिलिकाचे, म्हणजे तंतूच्या काचेचे, अपस्करण (तरंगलांबीनुसार वेग बदलल्याने संदेश पसरट होणे) जवळजवळ शून्य होते आणि एकमोडी गाभाही ८-९ मायक्रोमीटरपर्यंत वाढवता येतो. टोके वितळवून सांधणारी यंत्रे सुधारल्यावर जोडणीचा जुना आक्षेपही मावळला. १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच लांब पल्ल्याचे मार्ग सिंगल-मोडकडे वळले, आणि १९८८ मध्ये अटलांटिकखालून गेलेली पहिली फायबर केबलही त्याच प्रकारची होती.

यानंतरच्या काळात मायक्रोवेव्हचे घटक प्रकाशयंत्रणेच्या आतच शिरले. वेगवान मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे प्रकाशावर संदेश चढवणाऱ्या साधनात, लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर टाकलेले विद्युतअग्र ही खरे तर मायक्रोवेव्हची प्रेषणरेषाच असते, आणि तिच्यावरील विद्युतलहरीचा वेग स्फटिकातील प्रकाशाच्या वेगाशी जुळवणे हे रचनेचे मुख्य काम असते. स्थानिक आंदोलकाशी, म्हणजे ग्राहकातच निर्माण केलेल्या लहरीशी, संदेश मिसळून ग्रहण करण्याची रडारकालीन रीत आजच्या कोहेरंट प्रकाशग्राहकांत वापरली जाते. इमारतीच्या आतल्या काही शे मीटरच्या दुव्यांसाठी ५० मायक्रोमीटरचा मल्टिमोड तंतू अजूनही विकला जातो. प्रयोगशाळांत मोजकेच मोड वाहणाऱ्या तंतूंवर पुन्हा काम सुरू आहे, ज्यात प्रत्येक मोडवर वेगळा संदेश पाठवून त्यांची सरमिसळ ग्रहणाच्या टोकाला संगणनाने उलगडली जाते.