लाकूड झाका, पण गुंडाळू नका

अमेरिका-युरोपातल्या थंड भागांत शेकोटीचं सरपण साठवायला १००० लिटरच्या जुन्या रसायन-टाक्यांचे लोखंडी पिंजरे वापरतात. आतली प्लास्टिकची टाकी काढायची, फोडलेलं लाकूड भरायचं आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या फोर्कने (दोन लांब लोखंडी दात्यांनी) पिंजरा उचलून हलवायचा. सोय झकास. पण सोबत एक समज चिकटलाय: पिंजरा चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळला की लाकूड लवकर वाळतं.

उलट घडतं. ओल्या लाकडातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, विशेषतः कापलेल्या टोकांतून. ती वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते, पुन्हा लाकडावर ठिबकते. मग बुरशी. पावसापासून वाचवायचं ते फक्त वरून. बाजू उघड्या, पिंजरा वारा लागेल असा, आणि खालचं पॅलेट, म्हणजे पिंजऱ्याची बैठक, काढू नका. टाकीचाच वरचा भाग कापून टोपण केलं तरी चालतं. ओलावा २० टक्क्यांखाली आला की जाळायला घ्या.

‘लाकूडच तर आहे, कुठलाही ट्रॅक्टर उचलेल’ हेही खरं नाही. ओकचं (एक जड, कठीण लाकूड) ओलं सरपण भरलेला पिंजरा सहज ६०० किलोंच्या आसपास जातो, आणि ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकातली उचलण्याची क्षमता बहुधा लोडरच्या (पुढच्या उचलणाऱ्या हातांच्या) पिनपाशी, म्हणजे फोर्क जोडतात तिथे, मोजलेली असते, पुढे आलेल्या फोर्कवर नव्हे. ट्रॅक्टरच्या मागे वजन लावा, पिंजरा जमिनीलगत ठेवून चालवा.